नवा फ्लॅट घेताय? सही करण्याआधी करारनामा असा वाचा

महाराष्ट्रात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेताना हातात ऐंशी-शंभर पानांचा करारनामा येतो. तो इंग्रजीत असतो, अक्षर बारीक असतं आणि "परवा रजिस्ट्रेशनची वेळ घेतली आहे" असा निरोप त्याच्यासोबतच येतो. बहुतेक लोक नाव, फ्लॅट नंबर आणि किंमत तपासतात आणि सही करतात. पुढची वीस वर्षं ज्या अटींवर भांडण होऊ शकतं, त्या मात्र मधल्या पानांत राहून जातात.

या अटी पूर्णपणे बिल्डरच्या मर्जीच्या नसतात. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठी केलेला स्थावर मालमत्ता कायदा, २०१६ चा; महाराष्ट्राचे त्याखालचे नियम २०१७ चे. त्या नियमांसोबत करारनाम्याचा एक आदर्श मसुदा दिलेला आहे. तुमच्या हातातला करारनामा त्या मसुद्याशेजारी ठेवून वाचायचा. जिथे शब्द बदललेले दिसतील, तिथे थांबायचं. सगळं वाचून झाल्यावर एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

सुरुवातीला जवळ काय हवं

- प्रकल्पाचा महारेरा क्रमांक (महारेरा म्हणजे रेरा कायद्याखालचं राज्याचं नियामक प्राधिकरण). १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे, तो स्कॅन केला की प्रकल्पाचं पान उघडतं.
- त्याच पानावरून उतरवलेले: प्रस्तावित करारनामा, अलॉटमेंट लेटरचा नमुना, टायटल रिपोर्ट (जमिनीच्या मालकीबद्दलचा वकिलाचा अहवाल), मंजूर नकाशे, बांधकाम परवानगी (सीसी), प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख, जमिनीवरच्या कर्जाचा तपशील.
- जमिनीचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड. फेरफार आणि भोगवटादार वर्गही बघा. वर्ग २ ची, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन असेल तर सरकारची परवानगी किंवा नजराणा भरल्याची कागदपत्रं मागा.
- बिल्डरने दिलेला खर्चाचा तक्ता (कॉस्ट शीट), शिक्क्यासह.
- तुमचं आणि सहखरेदीदाराचं पॅन, आधार, फोटो.
- स्वतःचा वकील. बिल्डरने सुचवलेला चालणार नाही, आणि बँकेचा वकील बँकेसाठी काम करतो, तुमच्यासाठी नाही. "बँकेने प्रोजेक्ट अप्रूव्ह केलाय" याचा अर्थ जमिनीच्या मालकीत बँकेला मोठी अडचण दिसली नाही, इतकाच. करारातल्या अटी तुम्हाला जाचक आहेत का, हे बँक बघत नाही.

१. बुकिंग फॉर्म आणि अलॉटमेंट लेटर

टोकन देताना जो फॉर्म भरून घेतात, त्याच्या मागच्या बाजूला अटी छापलेल्या असतात. "रक्कम परत मिळणार नाही" हे वाक्य बहुधा तिथेच सापडतं. महारेराच्या अलॉटमेंट लेटरच्या नमुन्यात मात्र कपात ठरलेली आहे: पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत बुकिंग रद्द केलं तर काहीच कापायचं नाही, १६ ते ३० दिवसांत किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. म्हणून टोकन दिल्या दिवशीच अलॉटमेंट लेटर मागा. नुसत्या पावतीवर थांबलात तर हे दिवस मोजायला सुरुवात कुठून करायची, यावरच वाद होतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे. ८० लाखांच्या फ्लॅटला ८ लाख. "ऑफर या महिनाअखेरपर्यंतच आहे, २० टक्के भरून टाका, करार नंतर करू" असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. पैसे कमी गेलेले असतात तोवरच तुमच्या बोलण्याला वजन असतं.

२. क्षेत्रफळ

करारात एकच आकडा कामाचा: रेरा कार्पेट. यात घराच्या आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि तुमच्या फ्लॅटला जोडलेला खुला टेरेस धरत नाहीत. सेल्स ऑफिसमध्ये ऐकू येणारे सेलेबल, सुपर बिल्टअप, युजेबल (भिंती, बाल्कनी, सामाईक जागा मिसळून फुगवलेले आकडे) हे शब्द करारात किमतीचा आधार म्हणून आले असतील तर ते काढायला सांगा. युजेबल ७२० म्हणजे पुष्कळदा कार्पेट ६५० आणि बाल्कनी ७० असतं. दोन प्रकल्पांची तुलना करताना दोन्हीकडचं रेरा कार्पेट घ्या, नाहीतर स्वस्त वाटणारा फ्लॅट महाग निघतो.

करारात आकडा चौरस मीटरमध्ये असतो. १० चौरस मीटर म्हणजे १०७.६४ चौरस फूट. ६० दशांश ३९ चौरस मीटर लिहिलं असेल तर ते ६५० चौरस फूट होतात. गुणाकार स्वतः करून बघा.

याच कलमाच्या खाली फरकाची अट असते. आदर्श मसुद्यात बांधकामानंतर कार्पेटमध्ये फार तर ३ टक्के फरक चालतो. कमी भरलं तर जास्तीचे पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत, जास्त भरलं तर पुढच्या हप्त्यात तेवढी मागणी, आणि दोन्हीला दर एकच. १२,००० रुपये फुटाने घेतलेल्या ६५० फुटांच्या फ्लॅटमध्ये ३ टक्के म्हणजे साडेएकोणीस फूट, २ लाख ३४ हजार रुपये. "५ टक्क्यांपर्यंतच्या फरकाबद्दल खरेदीदार तक्रार करणार नाही" असं वाक्य दिसलं तर त्याची किंमत आता तुम्हाला काढता येईल. ताबा घेताना टेप लावून आतली मापं घ्या.

३. किंमत आणि "इतर शुल्क"

आदर्श मसुद्यात किंमत वाढवता येत नाही. अपवाद फक्त सरकारने किंवा पालिकेने वाढवलेल्या शुल्काचा, तोही अधिसूचना दाखवून. स्टील-सिमेंटचे भाव वाढले म्हणून जादा रक्कम मागण्याची तरतूद करारात असेल तर ती खोडायला लावा.

खरी गळती "इतर शुल्क" या सदरात असते. सोसायटी नोंदणी आणि शेअर्सचे पैसे, पाणी-वीज जोडणी, आगाऊ मेंटेनन्स, कायदेशीर खर्च, क्लब हाऊस, इन्फ्रास्ट्रक्चर, डेव्हलपमेंट चार्ज. प्रत्येक नावापुढे रुपयांत आकडा लिहून घ्या. "वेळोवेळी ठरेल त्याप्रमाणे" आणि "अॅक्चुअल्सप्रमाणे" या शब्दांवर सही करू नका. निदान कमाल मर्यादा तरी घालून घ्या. आगाऊ मेंटेनन्सचा हिशोब असा: दर ५ रुपये फूट, ६५० फूट, २४ महिने, म्हणजे ७८,००० रुपये, वर जीएसटी. तो दर कार्पेटवर आहे की सेलेबलवर, आणि २४ महिने कधीपासून मोजायचे, हे विचारा. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचं पालिकेचं प्रमाणपत्र) येऊन ताबा देऊ केल्यापासून मोजायला हवेत. ठेव म्हणून घेतलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची आणि सोसायटी झाल्यावर उरलेली हिशोबासह तिच्याकडे द्यायची, ही अट आहे की नाही तेही पाहा.

४. हप्त्यांचं वेळापत्रक

हे पान सगळ्यात सावकाश वाचा. आदर्श मसुद्यात प्रत्येक टप्प्यापर्यंत एकूण किती टक्के रक्कम घेता येते, त्याची कमाल मर्यादा दिली आहे:

- बुकिंगला १० टक्के
- करारनाम्यानंतर ३० टक्क्यांपर्यंत
- जोतं (प्लिंथ) पूर्ण झाल्यावर ४५
- सगळे स्लॅब पूर्ण झाल्यावर ७०
- भिंती, आतलं प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या झाल्यावर ७५
- सॅनिटरी फिटिंग, जिने, लॉबी झाल्यावर ८०
- बाहेरचं प्लास्टर, प्लंबिंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर ८५
- लिफ्ट, पंप, विजेची कामं झाल्यावर ९५
- उरलेले ५ टक्के ओसी मिळून ताबा देताना

८० लाखांच्या फ्लॅटमध्ये जोत्यापासून शेवटच्या स्लॅबपर्यंतचा वाटा २५ टक्के, म्हणजे २० लाख. इमारत वीस स्लॅबची असेल तर समान वाटणीने स्लॅबमागे १ लाख. काही वेळापत्रकांत पहिल्या सहा-सात स्लॅबमध्येच यातला बराचसा भाग गोळा केलेला असतो. बेरीज मर्यादेत बसते, पण तुमचा पैसा कामाच्या पुढे धावतो आणि काम रखडलं की अडकतो. स्लॅबनिहाय वाटणी समान करून मागा.

हप्ता मागताना आर्किटेक्टचं टप्पा पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र जोडावं, असं करारात लिहून घ्या. मागणीपत्र आलं की साइटवर जाऊन स्लॅब मोजा. पैसे करारात लिहिलेल्या, महारेराकडे नोंदवलेल्या प्रकल्पाच्या खात्यातच भरा. त्यातले ७० टक्के बांधकाम आणि जमिनीच्या खर्चासाठीच वापरता येतात. दुसऱ्या खात्यात भरलेल्या पैशाला हे संरक्षण मिळत नाही. रोखीचा प्रश्नच नको. रोख दिलेला रुपया करारात नसतो आणि परताव्यातही येत नाही.

शेवटच्या ५ टक्क्यांच्या ओळीत "ओसी" हा शब्द असलाच पाहिजे. "ताब्याची सूचना दिल्यावर" किंवा "फिट-आउट ताब्यावर" असं लिहिलेलं असेल तर ओसी नसतानाच तुमच्याकडून शंभर टक्के वसूल होतात आणि नंतर तुमच्या हातात काही उरत नाही. फर्निचर करायला म्हणून ओसीआधी चावी घेणं हा फार मोठा सापळा आहे. ताब्याच्या पत्रावर सही झाली की उशिराच्या व्याजावर बिल्डर त्याच पत्राकडे बोट दाखवतो.

५. ताब्याची तारीख

करारात पूर्ण तारीख हवी: दिवस, महिना, वर्ष. "सुमारे", "अंदाजे", "सीसी मिळाल्यापासून ३६ महिने" असं नको. ही तारीख महारेराच्या पानावरच्या तारखेशी जुळवून बघा. सेल्सवाला एक तारीख सांगतो, करारात दुसरी असते, महारेरावर तिसरी. व्याज करारातल्या तारखेपासून मोजलं जातं.

त्याच्या खालचं कलम म्हणजे फोर्स मॅजूर, आवाक्याबाहेरची कारणं. कायद्यात युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप अशा आपत्ती आहेत. आदर्श मसुद्यात सरकारचा किंवा न्यायालयाचा आदेशही आहे. मजूर मिळाले नाहीत, वाळू महागली, कंत्राटदार सोडून गेला, ही कारणं त्यात घुसवलेली असतील तर ती काढायला सांगा. हे कलम, बांधकामातल्या दोषांचं कलम, कन्व्हेयन्सचं (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करण्याचं) कलम आणि पार्किंगचं कलम बदलता येणार नाही, असं महारेराने बिल्डरांना स्पष्ट सांगितलेलं आहे. बाकी जे बदल बिल्डरने केलेत, ते ठळक करून दाखवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. तेव्हा सरळ मागा: "आदर्श मसुद्यापेक्षा काय वेगळं आहे, त्याची यादी द्या."

उशीर झाला तर तुमच्यापुढे दोन वाटा असतात. बाहेर पडून सगळे पैसे व्याजासह परत घ्यायचे, किंवा थांबून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज घ्यायचं.

६. व्याज आणि करार रद्द करण्याची अट

तुम्ही हप्ता चुकवलात तर जो व्याजदर, तोच बिल्डरने उशीर केल्यावर. महाराष्ट्रात तो स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा आधारभूत व्याजदर) अधिक २ टक्के असा ठरलेला आहे. तुमच्याकडून १८ टक्के आणि तुम्हाला फुटामागे महिना ५ रुपये, असली कलमं जुन्या धाटणीच्या मसुद्यांत असत. गुरुग्रामच्या एका प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा एकतर्फी अटी म्हणजे अनुचित व्यापार प्रथा ठरवल्या आणि खरेदीदाराने सही केली असली तरी त्या त्याला बांधत नाहीत, असं सांगितलं. पण कोर्टात जिंकण्यापेक्षा सहीआधी खोडणं स्वस्त पडतं.

आदर्श मसुद्याप्रमाणे तीन हप्ते चुकल्यावर, १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन, तरीही भरले नाहीत तरच बिल्डर करार रद्द करू शकतो. मग ठरलेली भरपाई कापून बाकी रक्कम ३० दिवसांत परत द्यायची. ही भरपाई किती, तो आकडा शोधा. "फ्लॅट पुन्हा विकला गेल्यावर परतावा" असं लिहिलं असेल तर मान्य करू नका.

कर्जाबद्दल एक ओळ हमखास असते: कर्ज मंजूर झालं नाही तरी खरेदीदाराची जबाबदारी कायम. ही ओळ सहसा काढली जात नाही. म्हणून कर्जाचं मंजुरीपत्र हातात आल्याशिवाय करारनाम्यावर सही करू नका.

७. पार्किंग

मोकळी पार्किंगची जागा विकता येत नाही. ती सामाईक जागा आहे आणि सोसायटी तिचं वाटप करते. सर्वोच्च न्यायालयाने हे २०१० मध्येच सांगितलं आहे. आच्छादित पार्किंग किंवा गॅरेज विकत घेतलं असेल तर त्याचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतली नेमकी जागा करारासोबत जोडलेली हवी. नकाशावर खूण करून घ्या. मध्ये खांब येतो का, वरून बीम किंवा पाइप जातो का, गाडीचं दार उघडतं का, हे विचारा. मेकॅनिकल पार्किंग असेल तर तुमच्या गाडीची उंची आणि वजन त्यात बसतं का तेही.

८. नकाशातले बदल आणि वाढीव एफएसआय (जादा बांधकामाची परवानगी)

"खरेदीदार या करारान्वये भविष्यातील सर्व बदलांना अपरिवर्तनीय संमती देत आहे." असं वाक्य दिसलं की पेन्सिलने खूण करा. तुमच्या फ्लॅटमध्ये बदल करायला तुमची संमती लागते, आणि इमारतीच्या किंवा लेआउटच्या मंजूर नकाशात बदल करायला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती. आगाऊ घेतलेली अशी सरसकट संमती खरी संमती नव्हे, अशी भूमिका न्यायालयांनी मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या रेराआधीच्या फ्लॅट मालकी कायद्याखालच्या खटल्यांत घेतलेली आहे. तरीही सही करून पुढे वाद घालण्यात वर्षं जातात. नकाशात आत्ता रिकामी दिसणारी जागा नीट पाहा, तिथे पुढे काय दाखवलंय ते विचारा. मोठ्या लेआउटमध्ये तुमच्या खिडकीसमोरचं मैदान हा पुढच्या टप्प्याचा टॉवर असू शकतो.

९. दोष, गळती, भेगा

ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा, कामाच्या दर्जाचा किंवा सुविधांचा दोष दाखवला तर बिल्डरने ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा. "वॉटरप्रूफिंगची हमी १ वर्ष" असं लिहून ही ५ वर्षं तोडता येत नाहीत. मात्र तुम्ही बाथरूमची फरशी बदललीत किंवा भिंत तोडलीत, तर गळतीचं खापर तुमच्यावर येतं. पहिला पावसाळा जाईपर्यंत ओल्या जागांना हात लावू नका. तक्रार ईमेलवर, फोटो आणि तारखेसह करा.

१०. सोसायटी आणि कन्व्हेयन्स

नव्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. फ्लॅटच्या करारनाम्याने तुम्हाला फ्लॅट मिळतो. जमीन आणि इमारत यांची मालकी कन्व्हेयन्स झाल्यावर सोसायटीकडे जाते. ते झालं नाही तर तीस वर्षांनी पुनर्विकासाच्या वेळी जमिनीवर नाव बिल्डरचंच असतं. ५१ टक्के फ्लॅट बुक झाल्यापासून तीन महिन्यांत सोसायटीच्या नोंदणीचा अर्ज करायचा असतो. करारात "संपूर्ण लेआउट पूर्ण झाल्यावर, बिल्डरला योग्य वाटेल तेव्हा" असं असेल तर निश्चित मुदत मागा. बिल्डर टाळाटाळ करत राहिला तर सोसायटीला मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, मागता येतं. पण त्यासाठी लागणारे कागद आधीपासून जपलेले असावे लागतात.

लवादाचं कलम असलं तरी घाबरू नका. त्यामुळे महारेरा किंवा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा तुमचा हक्क जात नाही.

११. मुद्रांक, नोंदणी, कर

मुद्रांक शुल्क करारातली किंमत किंवा रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेल्या दराने येणारी) किंमत, यातल्या मोठ्या रकमेवर लागतं. सध्या मुंबईत ६ टक्के, पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के. घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत. पतीचं नाव सोबत लावलं की ही सवलत मिळत नाही. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी ५ टक्के; ४५ लाखांच्या आतल्या परवडणाऱ्या घराला १ टक्का, त्याला क्षेत्रफळाची मर्यादाही आहे. ओसीनंतर घेतलेल्या घराला जीएसटी नाही.

पुण्यातल्या ८० लाखांच्या फ्लॅटवर मुद्रांक ५ लाख ६० हजार, नोंदणी ३० हजार, जीएसटी ४ लाख. किमतीवर जवळजवळ १० लाख. गृहकर्जात हा भाग सहसा धरत नाहीत, तेव्हा तो स्वतःच्या पैशातून तयार ठेवा.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस (बिल्डरच्या नावाने भरायचा आयकर) तुम्हीच कापून भरायचा. तो किमतीतूनच जातो, वेगळा खर्च नाही. महिना संपल्यापासून ३० दिवसांची मुदत चुकली की दंड तुम्हाला लागतो, बिल्डरला नाही.

१२. बदल कसे मागायचे

मसुदा किमान आठवडाभर आधी ईमेलवर मागा. कलम क्रमांक, आत्ताचा मजकूर, हवा असलेला मजकूर अशा तीन रकान्यांत यादी करून ईमेलनेच पाठवा. पंचवीस मुद्दे मागितले की एकही मिळत नाही. हप्ते, ओसी, तारीख, इतर शुल्क आणि पार्किंग या पाचांवर ठाम राहा. तोंडी आश्वासन मिळालं तर त्याच संध्याकाळी "आज आपण असं सांगितलंत" म्हणून ईमेल करा. माहितीपत्रकात दाखवलेला क्लब, स्विमिंग पूल, फरशीचा ब्रँड हे सगळं करारातल्या सुविधांच्या परिशिष्टात, शक्यतो पूर्णत्वाच्या तारखेसह आलं पाहिजे.

सही केलेला करार चार महिन्यांच्या आत नोंदवावा लागतो. नोंदणीच्या दिवशी जो मसुदा समोर येतो तो तुम्ही मान्य केलेलाच आहे ना, हे पानं उलटून पाहा, विशेषतः परिशिष्टं. नंतर नोंदणीकृत करारनामा, नोंदणीची पावती आणि सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सरकारी गोषवारा) ताब्यात घ्या. त्यात नावाची अक्षरं, पॅन, फ्लॅट क्रमांक, मजला आणि क्षेत्रफळ पुन्हा तपासा. चूक त्याच आठवड्यात सापडली तर दुरुस्ती लेखाने सुधारता येते. दहा वर्षांनी फ्लॅट विकताना सापडली तर बिल्डरची सही आणायला त्याचं ऑफिस शोधत फिरावं लागतं.